मामी आणि भाऊ

"आज जरा रुसलंय," चहाचा कप खाली ठेवत आप्पा म्हणाले.

उदय पायात मोजे चढवत होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, "मामी का?"

"बघू. एकदा चालायला लागलं की होईल ठीक."

मुग्धाला दुपट्यात गुंडाळता गुंडाळता मी थांबले. "आत्ताच? अजून फाटकाबाहेर पण पडलो नाही! उदय, ऐक माझं, आपण एसटीनं जाऊ."

"एसटीनं?" जसं काही मी त्याला गाढवावर बसायला सांगितलं होतं. "अगं, दारात मामी उभी असताना एसटीनं जायचं? लोक काय म्हणतील? आणि एसटी काय कधी बंद..." त्यानं जीभ चावली. आप्पांकडे एक नजर टाकली. "एसटी काय कधी रुसत नाही?"

आजऱ्याच्या आमच्या त्या घरात 'बंद पडली' म्हणायची चोरी होती. बांगडी कशी फुटत नाही, वाढते. डब्यातले तांदूळ संपत नाहीत, वाढतात. तशी मामी बंद पडत नसे, रुसत असे. मामी म्हणजे आमची मोटार. आप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना ती कोणाकडून तरी जुनी घेतली होती. रंग एकेकाळी निळा असावा. आप्पांची एक सख्खी मामी म्हणे प्रत्येक लग्नात ऐन मुहूर्ताला रुसून कोठीत जाऊन बसायची आणि कोणीतरी पाया पडल्याशिवाय उठायची नाही. हिचंही तेच, म्हणून हिचं नाव मामी.

आणि भाऊ म्हणजे आप्पांची काळी मोटारसायकल. तरुण ओव्हरसीअर असताना घेतलेली, कालव्याच्या कडेकडेनं सगळा तालुका फिरलेली. भाऊ कधीच रुसला नव्हता. लहान मुलाला घालावी तशी आप्पा त्याला रोज सकाळी अंघोळ घालायचे. घराचा नियम असा होता की मामी एकटी कुठं जायची नाही. नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तसा मामीच्या मागून भाऊ जायचा. मोटार उदय चालवणार, आणि मागून डोक्याला मफलर बांधून आप्पा. भाऊच्या पिशवीत पाने, दोरखंड, पाण्याचा डबा. हे ध्यान बघायला पोरं अंगणात येऊन उभी राहायची.

लग्न होऊन आले तेव्हा मलाही या सगळ्याची गंमत वाटायची. मुग्धा झाल्यावर वाटेनाशी झाली.

मागच्या आठवड्यात तिला ताप चढला आणि बघता बघता झटका आला. आठ महिन्यांचं पोर, डोळे पांढरे, मुठी आवळलेल्या. क्षणभरच, पण तो क्षण माझ्या अंगातून निघून जाईना. रात्री मी तिच्या नाकाखाली बोट धरून जागी राहायची. गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. कोल्हापूरला मुंबईचे एक मेंदूचे डॉक्टर महिन्यातून एकदा यायचे आणि दुपारी एकला उठायचे. आज त्यांची वेळ मिळाली होती. त्या वेळेला त्या खुर्चीसमोर मुग्धाला घेऊन बसणं, याच्यापलीकडं मला त्या दिवशी जगात काहीही नको होतं. आणि मध्ये कोण होतं, तर मामी.

"वृंदा, तू मागं बस, पुढं वारा लागेल पोरीला," आप्पा म्हणाले.

मी मागेच बसणार होते. आडवी बसून, पाय सीटवर घेऊन, मुग्धा मांडीत. म्हणजे एका डोळ्याला ती दिसते आणि दुसऱ्या डोळ्याला पुढचा-मागचा रस्ता.

"बसला टेहळणी बुरूज," उदय हसत म्हणाला. घरात मला हेच नाव पडलं होतं. दुधावर माझी नजर, पाळण्यावर माझी नजर, गॅसच्या बटणावर तर दहादा.

जानेवारीतली सकाळ होती, हाडं गोठवणारी. उसाच्या गाड्या कारखान्याकडे निघालेल्या. प्रत्येक गाडीमागे उदय हॉर्न वाजवत थांबायचा आणि मी घड्याळाकडे बघायची.

"घड्याळाकडे बघून ते पळायचं थांबतं का?" त्यानं आरशातून विचारलं.

"तू पुढं बघ."

गडहिंग्लजच्या अलीकडे, चढ संपता संपता, मामीनं एक उचकी दिली. मग दुसरी. मग नुसतीच घरंगळत रस्त्याच्या कडेला गेली आणि गप्प झाली. मागून भाऊचा आवाज आला, जवळ येऊन थांबला. आप्पा उतरले. भाऊला स्टँडवर लावून, त्याच्या टाकीवर एक थाप मारून, मग मामीकडे आले. घाई नाही, गडबड नाही.

"रुसलीय," बोनेट उघडून ते म्हणाले. "पॉइंटला कार्बन धरलाय. आत्ता उठवतो."

त्यांच्या खिशात कायम एक काड्यापेटी असायची. विडीकाडीचं व्यसन नाही. काड्यापेटीच्या खरखरीत बाजूनं ते पॉइंट घासायचे. इंजिनात वाकून, डोळे बारीक करून, कानातला मळ काढावा तितक्या नाजूकपणे.

मी मुग्धाला घेऊन खाली उतरले. पाच मिनिटं झाली. दहा झाली असतील. काड्यापेटी आप्पांच्या हातातून खाली पडली. उचलली. परत पडली.

"आप्पा, द्या इकडं, मी घासतो," उदय म्हणाला.

"तुझा हात ती ओळखत नाही. थांब जरा. थंडीनं बोटं बधिर झालीत."

"अजून किती वेळ?" मी विचारलं.

"रुसलेल्याला किती वेळ असं विचारायचं नसतं सूनबाई," ते बोनेटमधूनच म्हणाले. एरवी मी हसले असते.

"रुसली नाही आप्पा, बंद पडलीय!" माझा आवाज मलाच ऐकवेना. "बंद पडलीय ती! एक वाजता डॉक्टर उठून जातील. आणि रस्त्यात हिला परत झटका आला तर? काय करायचं मी, पाया पडायचं मामीच्या?"

"वृंदा!" उदय ओरडला.

आप्पा सरळ उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. तीन वर्षांत मी त्यांच्यापुढं कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी मफलरच्या टोकानं कपाळ पुसलं. एवढ्या थंडीत कपाळावर घाम होता.

"खरं आहे तुझं," एवढंच म्हणाले आणि परत वाकले.

भांडले असते तर बरं वाटलं असतं. मी मुग्धाचं टोपरं उगाच सोडून परत बांधलं. तेवढ्यात मामी खोकली आणि सुरू झाली.

गडहिंग्लज मागं पडलं. पुढं संकेश्वर, मग हायवे, मग कोल्हापूर. उदय मोठ्यानं हिशेब सांगत होता, वेळेत पोचतो, बघच तू. मुग्धा झोपली होती. मी मागच्या काचेतून बघत होते. त्या काचेत भाऊची जागा ठरलेली असायची. मामी हळू झाली की तो हळू, मामी जोरात की तो जोरात, अंतर तेवढंच. आप्पा ताठ बसायचे, फोटोला बसल्यासारखे.

काचेतला तो काळा ठिपका लहान होत होता.

"उदय, आप्पा मागं पडतायत."

"ट्रॉली आली असेल मध्ये."

"ट्रॉली नाही. रस्ता मोकळा आहे."

"येतील गं. तूच म्हणतेस ना, पळव म्हणून?"

मी परत पाहिलं. ठिपका रस्त्याच्या मधोमध आला, मग कडेला गेला, परत मध्ये आला. आप्पा असे चालवायचे नाहीत. आणि त्यांचा हॉर्न नव्हता. काही बिनसलं की ते एक लांबलचक हॉर्न द्यायचे, तो आमचा थांबायचा इशारा होता.

"थांब."

"अगं, हॉर्न कुठं दिलाय त्यांनी? आता थांबलो तर ही परत..."

"थांब म्हणते ना!"

माझ्या ओरडण्यानं मुग्धा जागी झाली आणि रडायला लागली. उदयनं चरफडत गाडी थांबवली, तशीच उलटी मागं घेत नेली. इंजिन बंद करायची हिंमत नव्हतीच.

आप्पा एका मोरीच्या कठड्यावर बसले होते. शेजारी भाऊ व्यवस्थित स्टँडवर लावलेला, किल्ली काढून हातात. पलीकडे शेतात गुऱ्हाळ चालू होतं, उकळत्या रसाचा गोड वास सगळीकडे पसरला होता.

"काय झालं आप्पा?"

"काही नाही रे. जरा रुसलंय."

"कोण, भाऊ?" उदयचा विश्वासच बसेना. "भाऊ रुसला?" तो तिथंच धुळीत उकिडवा बसला, प्लगची टोपी काढून फुंकर मारली, पेट्रोलचा कॉक चाचपला, किल्ली मागून घेतली आणि किक मारली. भाऊ पहिल्याच किकला धडधडायला लागला. उदय बावचळून बघत राहिला. "आप्पा, याला तर काहीच झालेलं नाही!"

"भाऊला काय होतंय," आप्पा म्हणाले.

मी मुग्धाला थोपटत उभी होते. ते वाक्य माझ्या कानात शिरलं आणि तिथंच अडकून राहिलं. मामी असती तर ते 'रुसलीय' म्हणाले असते. भाऊ असता तर 'रुसलाय'. आप्पांच्या तोंडी हे कधी चुकत नसे. आज ते 'रुसलंय' म्हणाले होते. ती नाही, तो नाही. ते.

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. तोंडाचा रंग राखेसारखा झाला होता. डावा हात मांडीवर ठेवला होता. ठेवला होता म्हणण्यापेक्षा पडला होता. घाम मफलरमध्ये मुरला होता.

"आप्पा, काय दुखतंय?"

"दुखत नाही गं."

"मग काय होतंय?"

त्यांनी उजवा हात छातीपर्यंत नेला. शब्द शोधत राहिले. आयुष्यभर कालव्याच्या पाण्याचा हिशेब पैशापर्यंत चोख मांडणारा माणूस, त्याला स्वतःच्या छातीसाठी शब्द सापडेना. "असं... कोणीतरी बसल्यासारखं. जाईल. पाच मिनिटं बसतो. तुम्ही पुढं व्हा, पोरीची वेळ चुकवू नका. मी येतो मागनं."

उदय उठून उभा राहिला होता. तेलानं काळं झालेलं बोट तसंच हवेत.

"गाडी वळव," मी म्हणाले. "गडहिंग्लज मागं आहे. तिथं मोठा दवाखाना आहे."

"आणि मुग्धाचं?"

ते मला माहीत होतं. कोल्हापूर समोर होतं, मुंबईचे डॉक्टर तिथं बसलेले होते, आणि आम्ही त्यांच्याकडे पाठ करणार होतो. कडेवरचं पोर हुंदके देत माझ्या पदराला तोंड पुसत होतं.

"ते पुढच्या महिन्यात परत येतील. वळव म्हणते ना."

पण आप्पा उठेनात. "अरे, भाऊला असा उघड्यावर टाकून जायचं? तू याला घे, मी चालवतो मामी."

"आप्पा, वेडे आहात का तुम्ही?" उदयचा आवाज फाटला.

"आजपर्यंत एकदा तरी टाकलाय त्याला कुठं?"

आमचा आरडाओरडा ऐकून गुऱ्हाळातला एकजण, कमरेला फडकं गुंडाळलेला, बांधावर आला. "काय झालंय ओ?"

"वडिलांना बरं वाटेना. ही गाडी राहील का इथं?"

"ऱ्हाऊ दे की. आत ढकलतो रसाच्या काहिलीजवळ. कोन हात लावतंय हितं? म्हाताऱ्याला न्या अगुदर."

"म्हातारा कोण?" आप्पा म्हणाले.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. मुग्धा आमच्या दोघांच्या मध्ये. हळू आवाजात म्हणाले, "आप्पा, माझ्याकडे बघा. हे रुसणं नाही. हे बंद पडतंय. उठा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कोणीतरी दार उघडून आत आल्यासारखं, जरासं दचकून. मग उदयच्या खांद्यावर हात टाकून उठले.

मागच्या सीटवर माझ्या एका मांडीवर आप्पांचं डोकं, दुसऱ्या मांडीवर मुग्धा. उदयनं गाडी वळवली. मी सवयीनं मागच्या काचेत पाहिलं. रस्ता रिकामा होता. मामी पहिल्यांदाच एकटी निघाली होती, आणि आता ती रुसली असती तर मागून उतरून येणारं कोणी नव्हतं.

चढ आला. मामीनं उचकी दिली.

"चल गं," उदय पुटपुटत होता, "चल, चल, चल..."

दुसरी उचकी. मी मुग्धाला पोटाशी धरलं, मोकळ्या हातानं पुढची सीट गच्च पकडली आणि माझ्याही नकळत म्हणाले, "मामी, पाया पडते बाई तुझ्या."

"चोक," डोळे मिटलेले आप्पा पुटपुटले. "अर्धा. पुरा ओढू नकोस, गुदमरते ती."

उदयनं अर्धा चोक ओढला. मामी खोकली, थरथरली, आणि कुरकुरत का होईना, चढाच्या माथ्यावर आली. तिथून खाली गावाची कौलं दिसली. मग मामी थेट दवाखान्याच्या फाटकातच थांबली.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी आप्पांना आडवं केलं, छातीला वायरी लावल्या आणि विचारलं, "आजोबा, कधीपासून होतंय असं?"

"सकाळपासून," आप्पा म्हणाले. "सकाळपासूनच जरा रुसलंय."

"काय रुसलंय?"

उदयनं माझ्याकडे पाहिलं आणि मी त्याच्याकडे. सकाळी, चहाचा कप खाली ठेवताना. आम्ही दोघंही तिथंच होतो. त्यानं विचारलं होतं, मामी का? मी एसटी म्हणाले होते.

"छाती," उदय डॉक्टरांना म्हणाला. "ते असंच बोलतात. छाती दुखतेय त्यांची. सकाळपासून." आणि पहिल्यांदाच आपल्या वडिलांसमोर त्यानं पुढचंही विचारून टाकलं, "बंद पडेल का हो?"

"बाहेर थांबा," डॉक्टर म्हणाले.

बाहेर बाकावर दुपार गेली. घड्याळात एक वाजून गेला तो मला कळलाही नाही. मुग्धा बाकाखाली लोळणाऱ्या एका रिकाम्या बाटलीशी खेळत होती, आणि कितीतरी दिवसांनी मी तिच्या नाकाखाली बोट धरलं नव्हतं. (तिला पुढं कधीच झटका आला नाही. महिन्यानं आम्ही तिला दाखवलं, तेव्हा डॉक्टरांनी दोन मिनिटांत घरी पाठवलं. या सगळ्याला आता पंचवीस वर्षं होतील.)

उन्हं कलली तशी नर्सनं सांगितलं, धोका टळलाय असं आत्ताच म्हणता येत नाही, पण शुद्धीवर आहेत. उदयला मी भाऊ आणायला पिटाळलं. नाहीतर तो त्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालून लादी झिजवत होता. तो उसाच्या ट्रकवर बसून गेला.

मला पाच मिनिटं आत सोडलं. आप्पा उशीवर फार लहान दिसत होते. मफलरशिवाय मी त्यांना थंडीत कधी पाहिलंच नव्हतं.

"आलीस? पोर कुठाय?"

"नर्सच्या कडेवर. मजेत आहे."

"तिची वेळ चुकली."

"चुकू दे. आप्पा, एक विचारू? हॉर्न का नाही दिलात? मागं पडलात तेव्हा?"

"अंगठा उठेना," ते म्हणाले. "मग म्हटलं, हॉर्न कशाला? आपला बुरूज बघतोच आहे."

मी त्यांची चादर सारखी केली, मग परत एकदा सारखी केली. ते बराच वेळ छताकडे बघत होते. त्यांचा चेहरा आक्रसला, ओठ हलले, थांबले. एखादी जड पेटी उंबरठ्यावरून पलीकडे ढकलावी तसे ते शब्द ढकलत होते.

"वृंदा."

"काय आप्पा?"

"दुखतंय गं."

मी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. त्यांनी इंजेक्शन दिलं, मला परत बाहेर काढलं. थोड्या वेळानं म्हणाले, झोपलेत, बरं केलंत लगेच सांगितलंत.

मुग्धाला घेऊन मी पायऱ्यांवर येऊन बसले. अंगणात पिंपळाखाली मामी उभी होती. फाटकातून भाऊचा आवाज आला. उदयनं तो मामीच्या शेजारी लावला आणि दोन दोन पायऱ्या चढत आला. अंगाला गुळाचा वास येत होता.

"कसे आहेत? बोलले काही?"

"दुखतंय म्हणाले."

तो तिथंच थांबला. "कोण? आप्पा?"

"हो."

"'दुखतंय' म्हणाले? त्यांच्या तोंडानं?"

"हो रे. मग डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. आता झोपलेत."

तो माझ्या खालच्या पायरीवर बसला, पाठ माझ्याकडे करून. त्याचे खांदे हलताना दिसले तेव्हा मला कळलं.

"आई गेली तेव्हा मी सातवीत होतो," तो म्हणाला. "मला म्हणाले, आई जरा रुसलीय, मिरजेला गेलीय, येईल. मी शाळेतून आलो की फाटकावर बसायचो. मला वाटायचं, मीच काहीतरी केलं असणार. तिच्या वाटणीचा लाडू खाल्ला होता मी." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "दुखतंय असं कोणी म्हणालंच नाही मला. ना तिनं, ना यांनी."

मुग्धा माझ्या मांडीवरून पुढे झुकली आणि तिनं त्याचा कान पकडला. त्यानं मागं वळून तिला उचललं.

"वाचतील ते," तो म्हणाला. "आता दुखतंय म्हणाले ना, म्हणजे वाचतील."

डॉक्टरांनी असं काही सांगितलं नव्हतं. तरी मी हो म्हणाले.

आप्पा पुढं सात वर्षं जगले, आणि सात वर्षं त्यांनी त्या एका शब्दाची हौस भागवून घेतली. गुडघा दुखतोय, दाढ दुखतेय, वृंदा, आज पाठ दुखतेय गं. जेवायला बसल्यावर, पाहुण्यांसमोर, भाऊला अंघोळ घालता घालता. आणि दर वेळी, आंबट ढेकर आला म्हणून जरी ते कण्हले, तरी उदय हातातलं असेल ते टाकून धावत जायचा.